कुत्रा : उंबऱ्याच्या आत की बाहेर?

आमच्या गावच्या घरी कुत्र्याला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, रानाला लागून. पुढे अंगण, मग कट्टा, कट्ट्यावरून आत गेले की सोपा, सोप्यामागे माजघर आणि त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर व देवघर. या पायऱ्या माणसांनाही लागू होत्या. अनोळखी माणूस अंगणात उभा राहून हाक मारी, ओळखीचा कट्ट्यावर टेके, पाहुणा सोप्यात बसे आणि सोयरा माजघरापर्यंत येई. कुत्र्याची हद्द कट्ट्याच्या खालच्या पायरीशी संपत असे. ही हद्द त्याला कोणी शिकवल्याचे मला आठवत नाही. पण आमचा खंड्या मुसळधार पावसातसुद्धा वळचणीखाली अंग चोरून बसे. आज्जी आतूनच भाकरीचा तुकडा फेकी आणि तो वरच्या वर झेले.

पदवीच्या शिक्षणासाठी बेळगावात आलो आणि टिळकवाडीत एका घराच्या माडीवर खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी भाड्याचे बोलणे करायला मालकांच्या दिवाणखान्यात गेलो, तर लांबलचक सोफ्यावर ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर आडवा पसरलेला. "बस रे, तो काही करत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. कुत्र्याने उदार मनाने सोडलेल्या वीतभर जागेत मी टेकलो. तेवढ्यात आतल्या दारातून त्यांच्या सासूबाई डोकावल्या. त्या गोकाककडच्या. ब्रूनोकडे बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "ओळग ब्याड!" आत नको. माझ्या आज्जीचेच वाक्य, भाषा तेवढी निराळी.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे. पाळलेल्या कुत्र्याने कुटुंबाबरोबर घरात राहावे की बाहेर? हा हौशी लोकांचा प्रश्न, त्यावर महाविद्यालयाच्या अंकात काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. खंड्याचे पुढे जे झाले ते झाले नसते तर मलाही तसेच वाटले असते. ते योग्य ठिकाणी सांगेन. आधी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून जे वाचले व दोन्ही घरांत जे पाहिले, ते मांडतो.

कुत्रा आणि माणूस यांची सोबत घरापेक्षा जुनी आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक दफन सापडले. त्यात दोन माणसांबरोबर कुत्र्याचीही हाडे होती. काळ सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेथे शेती नव्हती, भिंती नव्हत्या, उंबराही नव्हता. आपल्याकडे काश्मीरात बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांच्या कबरीत कुत्रे पुरलेले आढळले आहेत. ज्या काळी सगळेच बाहेर राहत होते, त्या काळी कुत्रा आत की बाहेर हा प्रश्न उद्भवतच नव्हता. एका शेकोटीभोवती माणसे निजत आणि कुत्रीही निजत. पुढे माणसाने भिंती बांधल्या, आणि मगच कोणाला कुठवर येऊ द्यायचे हे ठरवायची वेळ आली.

आपल्या परंपरेने हे ठरवताना मोठी गंमत केली आहे. मान दिला, पण जागा दिली नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी असतात आणि ते चार वेद आहेत असे आपण श्रद्धेने सांगतो. खंडोबाजवळ कुत्रा असतोच. म्हणून तर आमच्या कुत्र्याचे नाव खंड्या. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. महाभारताच्या अखेरीस तर हा वाद थेट स्वर्गाच्या दारातच होतो. इंद्र युधिष्ठिराला रथात बसायला सांगतो. कुत्र्याला मात्र स्वर्गात जागा नाही म्हणतो. युधिष्ठिर त्याच्याशिवाय यायला नकार देतो. आज्जी ही गोष्ट फार रंगवून सांगे. आणि ती सांगता सांगता खंड्याने पुढचा पाय पायरीवर ठेवला, की हातातली केरसुणी उगारी!

यात नुसता सोवळ्याचा हट्ट होता असे मात्र मी म्हणणार नाही. गावचा कुत्रा उकिरडा हुंगतो, मेलेले जनावर खातो, चिखलात लोळतो. तो चुलीपाशी नको हे साधे व्यवहारज्ञान होते. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्याचे भय होते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून चावल्यावर वेळीच उपाय करता येऊ लागला. परंतु तो उपायही आपल्याकडे सुखाचा नव्हता. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पोटात टोचत, आणि ती चौदा इंजेक्शने म्हणजे वडिलांच्या पिढीला वाघापेक्षा मोठा धाक होता. ती लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता सुधारलेली लस दंडात टोचतात. भीती मात्र पोटातच राहिली आहे.

आता जरा बारकाईने पाहू. कुत्र्यापासून होणारे आजार तो घरात राहिल्याने वाढतात का? रेबीजचा धोका उंबऱ्याशी निगडित नाही, लशीशी आहे. तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या वेळी पुन्हा, एवढे पाळले तर तो घरात निजला म्हणून काही बिघडत नाही. उलट रात्रभर गावभर हिंडणाऱ्या, लस न टोचलेल्या कुत्र्याची पिसाळलेल्या कुत्र्याशी किंवा कोल्ह्याशी गाठ पडण्याचा संभव अधिक. आणि तोच कुत्रा सकाळी अंगणात मुलांशी खेळतो.

जंतांची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. कुत्र्याच्या पिलाच्या पोटात गोल जंत आईच्या गर्भातूनच आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. पण ती ताजी असताना बाधत नाहीत. मातीत पडून दोन-तीन आठवडे गेल्यावर त्यांच्या आत अळी तयार होते आणि मग ती माणसाला, विशेषतः माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला, अपायकारक ठरतात. याचा अर्थ असा, की रोज झाडली-पुसली जाणारी फरशी या बाबतीत अंगणातल्या मातीपेक्षा कमी धोक्याची! पिलाला जंताचे औषध वेळेवर देणे आणि विष्ठा लगेच उचलणे हा त्यावरचा उपाय. गोचिडांचे मात्र उलट आहे. कुत्र्याच्या अंगावरची तांबूस गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली गळते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. तिला गोठ्याची भिंत आणि दिवाणखान्याची भिंत सारखीच. एकदा का घरात शिरली, की पडद्यांवर चढलेली सापडते. मालकांच्या घरी एका उन्हाळ्यात हा प्रकार झाला होता, तेव्हा सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा आठवडाभर चालू होता, आणि त्यांचे काही चुकत होते असे मला वाटले नाही.

आता कुत्र्याच्या बाजूने विचार करू. कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा जास्त. आपल्यासारखा त्याला सर्वांगाला घाम येत नाही. तळपायांच्या गादीला काय येईल तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर जीभ बाहेर काढून भराभर धापा टाकणे हाच त्याचा मुख्य मार्ग. हवेत दमटपणा वाढला की तोही निकामी होत जातो. गच्चीवर पत्र्याचे खोपटे करून त्यात भर दुपारी कुत्रा बांधणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा ते ध्यानात घेत नाहीत. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातीला तर श्वास घ्यायलाच कष्ट पडतात. आणि सैबेरियाच्या थंडीसाठी दुहेरी केसाळ कातडे घेऊन आलेला हस्की आपल्याकडे विकत घेणाऱ्यांविषयी काय बोलावे! त्याला घरात ठेवले काय नि बाहेर ठेवले काय, तो परमुलखातच आहे.

याच्या अगदी उलट आपला मुधोळ कुत्रा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला घोरपड्यांचे मराठी संस्थान होते, आणि मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. कन्नड मुलखात मराठी राजाने जपलेले हे धन आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत सारख्याच हक्काने मिरवावे असे आहे. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ साली लष्कराने प्रशिक्षणासाठी ही पिले नेली. लांब पाय, खोल छाती, आखूड केस, अंगावर चरबी नाही. शेताच्या बांधावर धावण्यासाठीच तो घडला आहे. त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडणे हा अन्याय. पण त्याच आखूड केसांमुळे पावसाळी गारठा त्याला सोसत नाही हेही तितकेच खरे. दिवसा मोकळे रान आणि रात्री कोरडी, उबेची जागा, या दोन्ही गोष्टी त्याला लागतात.

इथपर्यंत जागेचा विचार झाला. माझ्या मते खरा मुद्दा जागेचा नाहीच. तो सोबतीचा आहे. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बरच्या प्रयोगशाळेत याविषयी एक प्रसिद्ध प्रयोग झाला; तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याची पिले उंच कुंपणाच्या मोकळ्या शेतात, आईजवळ, पण माणूस दृष्टीसही पडणार नाही अशी वाढवली. त्यातली काही पिले निरनिराळ्या वयांत आठवडाभर माणसांत आणली. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान आणलेली पिले माणसाला चांगली रुळली. परंतु ज्यांना चौदा आठवडे पुरे होईपर्यंत माणूस दिसलाच नव्हता, ती रानटी जनावरासारखी झाली. पुढे कितीही लळा लावला तरी माणसाळली नाहीत. खाणेपिणे होते, धावायला जागा होती, आई होती. माणूस तेवढा नव्हता. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्रा आपले कोण हे शिकतो. त्या वयाचे पिलू आणून परड्यात टोपलीखाली झाकून ठेवायचे आणि मोठेपणी ते अंगावर येते म्हणून त्याला शिव्या द्यायच्या, हे आपल्याकडे सर्रास चालते. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, अशी म्हण मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. शेपटाचे राहू द्या. स्वभाव बराचसा आपणच वाकडा करतो.

साखळीची कथाही तशीच. भय वाटले की जनावर एक तर पळते नाही तर उलटते. साखळीने पहिला मार्ग बंद होतो, उरतो दुसरा. अमेरिकेतील डेन्व्हर येथे चावऱ्या व न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अंगणात साखळीने बांधले जाणारे कुत्रे चावण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. राखणीसाठी बांधलेला कुत्रा पानाच्या सळसळीलाही भुंकतो, आणि रोज भुंकणाऱ्याकडे घरचे लोक लक्ष देईनासे होतात. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, तसेच नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने पुरेसे फिरवून न आणणे, हा गुन्हा म्हटलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज तेवढ्यात साखळीही येत नाही.

हे कलम मी बेळगावात आल्यावर वाचले. त्याआधी मी स्वतः ते मोडलेले होते.

बारावीच्या वर्षी, जानेवारीत, खंड्याने शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या मारल्या. शेजारी भांडायला आले. वडिलांनी पैसे दिले आणि मला म्हणाले, "याचा काहीतरी बंदोबस्त कर." अभ्यासाची गडबड होती, मी वैतागलो होतो. गोठ्यातली बैलाची साखळी घेतली आणि खंड्याला अंगणातल्या फणसाला बांधला. त्याआधी तो रात्री सुटाच असे; थंडी पडली की गोठ्यात गवताच्या भाऱ्यांवर चढून निजे. दोन रात्री तो रडला. तिसऱ्या रात्री पहाटेच्या आधी एकदा, अर्धवट, भुंकला आणि गप्प झाला. मी जागा होतो. सवय झाली वाटते, असे मनात म्हणून कूस बदलली.

सकाळी साखळी फणसाला तशीच होती. पट्टा तुटून पडला होता आणि परड्याच्या कुंपणापर्यंत काहीतरी ओढत नेल्याची खूण होती. वनखात्याचा माणूस आला, मातीतले ठसे पाहून म्हणाला, "बिबट्या." सुटा असता तर खंड्या नक्की वाचला असता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गवतावर चढायची वाट त्याला माहीत होती, आणि ती मी बंद केली होती. वडील काही बोलले नाहीत. आज्जी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून आली आणि कट्ट्याच्या खालच्या पायरीकडे बघत म्हणाली, "एका रात्रीनं काय विटाळलं असतं रे घर?"

पुढे प्राणिशास्त्राच्या वाचनात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला अकोले तालुक्यातील अभ्यास हाती आला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. उसाच्या व शेतीच्या त्या भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांनी बिबट्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही शेळ्यांचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात किंवा घरात घेतात, कुत्रा बाहेर असतो. शेळीला बाजारात किंमत आहे, म्हणून तिच्यासाठी दार उघडते. हा अहवाल वाचताना मला आमच्या अंगणातला फणस दिसत होता.

म्हणजे आत ठेवले की सगळे ठीक, असे समजायचे का? मुळीच नव्हे. ब्रूनोचे उदाहरण रोज डोळ्यांपुढे आहे. मालक-मालकीण दोघेही नोकरीला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप. सासूबाई गावी गेल्या की तो दिवसभर एकटा. सोफा आहे, पंखा आहे, परदेशी खाण्याचे पुडके आहे. पण तो दुपारी दाराशी बसून एकसुरी कण्हतो, ते माझ्या खोलीत ऐकू येते. चपला कुरतडतो, स्वतःचे पंजे चाटून सोलून काढतो. वजन इतके वाढले की जिना चढताना मध्ये बसतो. पूर्वी नुसती नावाला पाच मिनिटे खाली नेऊन आणत. धोब्याच्या कुत्र्याला घर नाही नि घाट नाही म्हणतात. याला घर आहे, पण घरात माणूस नाही. आता रोज सकाळी मी त्याला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत तासभर फिरवतो. भाड्यात सूट मिळत नाही, हे जाता जाता नमूद करतो! पण महिन्याभरात त्याचे कण्हणे पुष्कळ कमी झाले आहे.

तेव्हा मला विचाराल तर मी असे म्हणेन : पिलू असताना त्याला घरच्या माणसांतच वाढवावे. मोठे झाल्यावर दिवसा आवारात सुटे ठेवावे, साखळी लावावी ती पाहुणा येऊन जाईपर्यंत. रात्री मात्र त्याला छपराखाली, दाराच्या आतल्या बाजूला घ्यावे. रानाजवळच्या गावांत तर हे न चुकता करावे. स्वयंपाकघर व देवघर त्याला वर्ज्य ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही, कुत्रा मर्यादा चटकन शिकतो. आणि घरात दिवसभर कोणी नसेल तर कुत्रा पाळूच नये. जुन्या घरात कट्टा आणि सोपा अशा मधल्या जागा होत्या. माणसांसाठी आपण त्यांचा किती शहाणपणाने उपयोग केला! फ्लॅटला एकच दार असते. एका पावलात माणूस जिन्यावर असतो आणि दुसऱ्या पावलात दिवाणखान्यात. म्हणूनच शहरात हा प्रश्न 'आत की बाहेर' असा दोनच शब्दांचा होऊन बसला आहे.

गेल्या पावसाळ्यात वडिलांनी शेजारच्या गावातून एक पिलू आणले. त्याचे नाव टिप्या. आज्जीने पहिल्याच दिवशी बजावले, "सोप्यापर्यंत. त्याच्या पुढं एक पाऊल नाही." सोप्याच्या दाराशी तिने स्वतःच एक गोणपाट टाकले. दिवाळीला घरी गेलो तर ते गोणपाट दारापासून चांगले दोन हात आत, माजघराच्या भिंतीलगत सरकलेले दिसले. मी त्याकडे पाहतो आहे हे तिच्या ध्यानात आले. "दाराशी वारं लागतं," ती म्हणाली, आणि टिप्याला उठवून गोणपाट झटकू लागली.